मंगळवारचा आचारी

मंगळवार, १० जून १९८६

परीक्षक! आणि ती मी! इंदुमतीबाईंना नाही म्हणता येत नाही हेच खरं. "तुम्ही मंडळाचा हिशेब ठेवता, तुमच्या नजरेतून चूक सुटत नाही. नटाची तरी कशी सुटेल?" म्हणे. अभिनय म्हणजे काय वाणसामान आहे?

ठरलं ते असं. टीव्हीवर तेरा-तेरा भागांच्या मालिका लागतात, त्या महिला मंडळाने यंदा नेमाने बघायच्या आणि दुय्यम भूमिका करणाऱ्यांतून एक उत्तम नट निवडायचा. नायक नको. त्याला ओवाळायला सगळं जग आहे. बाजूला उभा राहून जो मालिका तोलून धरतो, तो. दिवाळीनंतर त्याला हुबळीला बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं. परीक्षक तिघी — इंदुमतीबाई (डॉक्टरीणबाई, टीव्ही त्यांचाच), मथुराबाई (शाळेतून रिटायर झाल्या, आवाज अजून वर्गातच आहे) आणि मी.

म्हणजे आठवड्यातून तीन संध्याकाळी उणकलहून देशपांडे नगर. प्रभंजन म्हणाला, "जा की आई. घरात बसून किती माळ ओढशील?" वर्कशॉपात राहून पोराची जीभ किसणीसारखी झाली आहे.

आज मंगळवारची सुरू झाली. मोठं घर, सासरा, सून, रुसवेफुगवे. बरी आहे.

गुरुवार, १२ जून

गुरुवारच्या मालिकेत पोस्टमन आहे. नट चांगला. पण दर वेळी रडण्याआधी नाक ओढतो. एकदा ओढलं तर रडणं, दोनदा ओढलं तर पडसं.

शनिवार, १४ जून

शनिवारी वकील. इंदुमतीबाई आजच निकाल लावून मोकळ्या! "काय उभं राहणं आहे हो!" मथुराबाई म्हणाल्या, "उभं राहण्याला गुण द्यायचे तर आमच्या शाळेचा घंटेवाला काय वाईट होता?"

मंगळवार, १७ जून

रात्र बरीच झाली आहे. तरी लिहिते. लिहिलं म्हणजे नीट दिसेल.

मंगळवारच्या मालिकेत आज घरातला म्हातारा आचारी आला. पांढरी दाढी, खांद्यावर पंचा. सासरा त्याला हाक मारतो. त्याने मान वळवली ती अशी — डावा कान पुढे, उजवा डोळा किंचित बारीक. मी हातातली वाटी खाली ठेवली.

मग पंचा झटकला, मध्यावर हनुवटीखाली धरला, दोन्ही हात कडेने खाली नेले, एक झटका, आणि चौघडी. आचारी पंचा असा घडी घालत नाही. खांद्यावर टाकतो नाहीतर कमरेला खोचतो. हनुवटीत धरून कापड घडी घालतो तो कापडदुकानातला माणूस.

"काय बारकावा!" इंदुमतीबाई म्हणाल्या. "कानाने अधू दाखवलाय बघा, एक शब्द न बोलता."

दाखवला नाही. आहे. उजव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नसे.

शेवटी नावं पळाली. "गोविंद अळणावर". धारवाडच्या पलीकडचं गाव आडनावाला लावलं आहे. नाव बदललं तरी वास इकडचाच राहिला. इंदुमतीबाईंनी बटण पिरगळलं. चित्र आक्रसत मधोमध एक पांढरा ठिपका उरला. तो लवकर विझेना.

बुधवार, १८ जून

स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. प्रभंजन ताक ओतून जेवला.

प्रभंजनचे वडील. नाव मी घेत नाही, कागदावरही नाही. एकोणसत्तरच्या ज्येष्ठात बेळगावला माल बघून येतो म्हणून बाहेर पडले. दुकानात नोकरी, संध्याकाळी नाटकाच्या तंबूत. कंपनी गावात आली की घरात पाय टिकत नसे. त्या खेपेस कंपनीही गेली आणि हेही. कुणी म्हणे सोलापुरात दिसले, कुणी म्हणे गुलबर्ग्यात पडदे ओढतात. पत्र नाही. प्रभंजन चार वर्षांचा होता.

बारा वर्षं कुंकू लावून वाट पाहिली. मग मामंजींनीच सांगितलं, शास्त्र आहे, बारा वर्षं खबर नाही तर विधी करावा, त्याचा जीव कुठे लोंबकळत असेल तर सुटेल. बाळाचार्यांनी दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस केला. नारळाचं डोकं. प्रभंजनने अग्नी दिला. त्या संध्याकाळी माझं कपाळ पुसलं.

नारळ फुटला तेव्हा मोठा आवाज झाला. मी दचकले नाही. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "धीराची आहे."

आता तोच माणूस दाढी लावून मंगळवारी येतो.

मंगळवार, ८ जुलै

पाचवा भाग. सुनेला सगळे टाकून बोलले, ती उपाशी. आचाऱ्याने तिला पाटावर बसवलं. पंच्याच्या टोकाने ताटाची कड पुसली. वाढलं. आणि समोर उकिडवा बसून राहिला — ती जेवेपर्यंत. एक शब्द नाही. तिने दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्याने नुसते डोळे मिटले.

मथुराबाई पदराने डोळे पुसत होत्या. "निकाल लागला गं," म्हणाल्या.

मी रडले नाही. सात वर्षं संसार केला. एकदाही माझं ताट वाढलेलं आठवत नाही. प्रभंजनच्या वेळी सव्वा महिना बाजेवर होते, तेव्हाही "जेवलीस का?" नाही. नाटकाच्या तंबूतून आले की मी वाढायचं, आणि ते भिंतीकडे बघून जेवायचे.

म्हणजे हे सगळं ढोंग. पण काय ढोंग! कान खरा, पंचा खरा, वाढणं खोटं. इंदुमतीबाईंना तिन्ही सारखंच वाटतं. कुठे माणूस संपतो आणि कुठे नट सुरू होतो, ते ह्या गावात मला एकटीला दिसतं.

परीक्षक व्हायचं तर असं!

शुक्रवार, ११ जुलै

पोथीत लक्ष लागत नाही. तांदूळ निवडताना पाठीमागे कुणी उकिडवं बसल्यासारखं वाटतं. वळून बघत नाही.

रविवार, २० जुलै

दुपारी दार लावून कुंकू लावलं. आरशात न बघता. घटकाभर तशीच बसले. मग पुसलं.

पाप कोणतं — लावलं ते, की पुसलं ते? नवरा जिवंत असता पांढरं कपाळ घेऊन हिंडणं म्हणजे रोज त्याचं मरण चिंतणं. पाच वर्षं चिंतलं मग. दर सर्वपित्रीला त्याच्या नावाने पिंड ठेवला. जिवंत माणसापुढे पिंड!

सोमवार, ४ ऑगस्ट

बाळाचार्यांकडे गेले. दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं — अशा विधीनंतर माणूस परत आला तर?

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाचा परत आला वो अक्का?"

"कथेत वाचलं."

"कथेत, हौदु, बरोबर." हसले. "शास्त्रात सोय आहे. मेलेला माणूस घरात घेता येत नाही. पुन्हा जन्मावा लागतो. तुपाच्या घागरीतून काढायचा, न्हाऊ घालायचा, जातकर्म, बारसं, मुंज — सगळं परत. मग लग्न."

"लग्न कुणाशी?"

"आणि कुणाशी? तिच्याशीच! बिचारीची सुटका नाही."

मी नमस्कार करून निघाले. रस्ताभर हसू येत होतं. हसू कसलं — हुंदकाच होता, पण रस्त्यात हसूच बरं दिसतं. एक्केचाळीस वर्षांची मी. मुंडावळ्या बांधून त्या दाढीवाल्यासमोर उभी!

मंगळवार, १९ ऑगस्ट

प्रभंजनला शेवटी सांगितलं. आज त्याला बरोबर नेलं, इंदुमतीबाईंना म्हटलं परतताना सोबत हवी. आचारी दिसला तसा मी त्याचा हात दाबला. पोरगा पुढे वाकून बघत राहिला. परतताना उणकलच्या तळ्याशी थांबला.

मग म्हणाला, "मला काही आठवत नाही, आई. चेहरा नाही, आवाज नाही. मला एकच बाप माहीत आहे — गवताचा. त्याला मी जाळला. राख माझ्या हातांनी भरली."

"अरे, पण ते जिवंत असतील तर..."

"तर येऊ दे की! बारशाला नाव मी ठेवतो. तूपही मीच आणतो, वर्कशॉपातल्या टाकीत बुडवतो चांगला." आणि थोड्या वेळाने, हळू — "तुला तो यायला हवाय?"

मला ठाऊक नव्हतं. अजून नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर

तेरावा भाग. संपली मालिका. आचारी घर सोडून जातो. उंबऱ्याशी मागे वळून बघत नाही. हे मात्र खरं. असेच गेले होते.

पांढरा ठिपका. मी इंदुमतीबाईंना म्हटलं, "राहू द्या, आपोआप विझेल."

रविवार, ७ सप्टेंबर

निवड झाली.

इंदुमतीबाईंनी चिवडा केला होता, म्हणजे वाद घालायच्या तयारीने बसल्या होत्या. वकील! वकील! त्याचं इंग्रजी, त्याचा कोट. मथुराबाई म्हणाल्या, "कोटाला शाल पांघरायची असेल तर पांघरा. माझा आचारी." पोस्टमन दोघींनी सोडून दिला — नाकामुळेच. बिचारा.

दोन्ही बाजूंना एक-एक. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

काय होतं माझ्या हातात! वकील म्हटलं असतं तर कुठला कोण वकील येऊन शाल घेऊन गेला असता. आचारी म्हटलं तर — मेलेला माणूस आगगाडीने हुबळीत उतरणार. मीच बोलावलेला. पहिल्या रांगेत मी पांढऱ्या कपाळाने बसणार आणि तो वरून बघणार. मग तूप, बारसं, मुंडावळ्या. किंवा त्याहून वाईट — ओळख दाखवणार नाही.

गप्प राहावं असंच ठरवून गेले होते. पण मथुराबाईंनी विचारलं, "तुम्हाला खरं कोण वाटलं? देवाला स्मरून सांगा." देवाला स्मरून म्हटल्यावर मी खोटं कसं बोलू?

म्हटलं, "आचारी. जे त्या माणसात मुळात नाही, तेसुद्धा त्याने खरं करून दाखवलं. वाढणं."

"मुळात नाही हे तुम्हाला काय माहीत?" इंदुमतीबाई.

"दिसतं."

मथुराबाईंनी टाळी वाजवली. इंदुमतीबाई म्हणाल्या, "बरं बाई, तुमचा आचारी. निदान जेवायला काय करायचं ते तरी सांगेल." पत्र उद्या जाणार.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

त्यांचं उत्तर आलं, येतो म्हणून. नऊ नोव्हेंबर, रविवार. इंदुमतीबाईंनी पत्र दाखवलं, कुणाकडून तरी टाइप करून घेतलेलं. खाली सही इंग्रजीत. सहीवरून काही कळत नाही. ह्यांना इंग्रजी सही येत नव्हती, पण सतरा वर्षांत माणूस काय काय शिकतो.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सर्वपित्री अमावास्या. बाळाचार्यांना यंदा येऊ नका म्हणून कळवलं होतं. ते तरी आलेच, दारातून विचारायला. "काय झालं अक्का? पान नाही मांडायचं?"

"यंदा नाही."

"चुकवू नये हो. तिकडे वाट बघतात."

"चुकलं तर माझ्या माथी."

सासू-सासऱ्यांच्या नावाने शिधा दिला. ह्यांच्या नावाने काही नाही. मनाला बरं वाटलं, पाच वर्षांत पहिल्यांदा. कुणाला जिवंतपणी मारलं नाही. प्रभंजन म्हणाला, "मग आज खीर नाही?" केली त्याच्यापुरती.

शनिवार, ८ नोव्हेंबर

उद्या.

निळं लुगडं काढून ठेवलं. परत आत ठेवलं. परत काढलं. कुणासाठी? देवासमोर दिवा लावला आणि काही मागायचं सुचेना. "येऊ दे" म्हणावं की "न येवो"? शेवटी म्हटलं, तुला माहीत आहे ते कर.

रविवार, ९ नोव्हेंबर

पाहुणे गाडीतून उतरले आणि मला वाटलं नट मागे राहिला, हा कुणीतरी बरोबरचा मुलगा. काळेभोर केस, गुळगुळीत हनुवटी. फार तर पस्तिशीचा. इंदुमतीबाईसुद्धा गडबडल्या — "ते... आचारी?"

"मीच की वो अक्का," तो हसला. "दाढी डब्यात ठेवून आलोय."

दाढी लावलेली! तोंडावरच्या सुरकुत्या रंगवलेल्या! हे मला सुचू नये? इतके आठवडे परीक्षक म्हणून मिरवले आणि रंग ओळखता आला नाही.

हे नव्हेत. कुठूनच नव्हेत. दोन्ही कानांनी ऐकतो, मान सरळ. खांद्यावरची शाल कशीतरी चुरगळून मांडीवर घेतली.

मथुराबाईंनी भाषण केलं. ओवाळायला सवाष्णी पुढे गेल्या. मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले, पहिल्या रांगेतून उठून. शेजारणीने विचारलं, पाणी देऊ का.

प्रभंजन आत आला नव्हता. फाटकाशी सायकल धरून उभा. शर्ट इस्त्रीचा. मी मुद्दाम बघितलं नाही असं दाखवलं.

"आला?"

"आला. पण ते नव्हेत रे. कुणी दुसराच."

तो सायकलची घंटी उगाच वाजवत राहिला. "बरं झालं," म्हणाला. दहा पावलांनी पुन्हा — "नक्की नव्हे ना?"

सोमवार, १० नोव्हेंबर

राहवलं नाही. तो जायच्या आत सकाळी इंदुमतीबाईंकडे गेले. चहा घेत बसला होता. विचारलं, मान वळवायची ती लकब, पंच्याची घडी, कुठून आणली?

"चोरलीय की," म्हणाला. अळणावरच्या शेतमजुराचा पोर, सतराव्या वर्षी नाटक कंपनीत शिरला. तिथे पडदे आणि कपडेपट सांभाळणारे एक अण्णा होते. नाव सांगत नसत. हुबळीचे, एवढं माहीत. घराचं कुणी विचारलं की बहिरा कान पुढे करायचे. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात, विजापूरच्या मुक्कामी तापाने गेले. ह्याने आणि कंपनीतल्या पोरांनी पोचवलं.

चौऱ्याहत्तर. मी एक्क्याऐंशीपर्यंत कुंकू लावत होते.

"आणि ते वाढणं?" मी विचारलं. "ते तुमचं?"

"नाही हो अक्का. ते तर सगळं त्यांचंच. कंपनीत कुणी उपाशी झोपलेलं त्यांना चालायचं नाही. ताटाची कड पुसून वाढायचे, आणि जेवेपर्यंत समोर बसायचे. मी नुसतं आठवून केलं." मग म्हणाला, "तुम्ही ओळखत होता काय त्यांना?"

"दुकानात पाहिलं होतं," म्हटलं.

यंदाच त्यांचं पान मांडलं नाही.